मी न उघडलेली वाट

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी बायको चारचौघांत सांगते. लोक हसतात, मीही हसतो. पण एक गोष्ट राहिली आहे — बारा वर्षं राहिली आहे — आणि ती तिला ठाऊक नाही, माझ्या भावाला ठाऊक नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना इतकी वर्षं इतकं काय काय बडबडलो, पण हे तेवढं जिभेवर आलं नाही. देवाला न सांगताच कळतं म्हणतात. मी त्याच सोयीवर राहिलो.

तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही माझ्या दुकानात येणार नाही म्हणून असेल. गोव्यात साखळीच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. अर्धा गाव माझ्या तोंडाकडे बघून गोळी गिळतो. ‘मोहनबाबानं दिली म्हणजे बरोबरच असणार’ — हे ऐकायची सवय झालेला माणूस आहे मी. अशा माणसाला कबूल करणं जड जातं. नाही — जड जातं असं नाही. तो करतच नाही.

गोष्ट तशी एका डब्याची आहे. प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, दुपारच्या जेवणाच्या डब्यापेक्षाही लहान.

जिओकॅशिंग हा शब्द तुम्ही ऐकला असेल-नसेल. कोणीतरी रानात, डोंगरात, पडक्या भिंतीत एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे यंत्र नाहीतर मोबाइल हातात धरून तो शोधायला जातात. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा, घरी येऊन कळवायचं. बस्स. ना बक्षीस, ना पदक. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत मिळून आम्ही सात-आठ जण होतो. गावातले लोक आम्हाला ‘डबेकार’ म्हणायचे. मोठी माणसं पोरासारखी झुडपं चाळताना दिसली तर आणखी काय म्हणणार?

आमच्यात सगळ्यांत जाणते रत्नाकरबाब. डिचोलीचे, खाणीवर सर्व्हेचं काम करून निवृत्त झालेले. सर्वांत जास्त डबे त्यांचे — अकरा. डब्याबरोबर ते वाटही लिहून द्यायचे, तीही पावलांत. ‘आंब्याकडून एकशेवीस पावलां, मागीर दाव्यान,’ म्हणजे मग डावीकडे. पावलं मोजून जा, बोट ठेवलंत तर डब्यावर पडायचं. डबा लपवण्याआधी ते जागेच्या राखणदाराला विडा ठेवायचे, पान आणि सुपारी, आणि डोळे मिटून छोटंसं गाऱ्हाणं घालायचे. राखणदार म्हणजे त्या रानाचा धनी. त्याला न विचारता तिथं काही ठेवायचं नाही. आम्ही आधी हसायचो. नंतर सगळेच ठेवायला लागलो.

आणि दुसऱ्या शालूबाय. कोरगावच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवायच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, साडी खोचून डोंगर चढायच्या. आमच्यात कोणी कोंकणीत लिहायचा, कोणी मराठीत. गोव्यात या दोन भाषांवरून किती डोकी तापली ते तुम्हाला माहीत असेलच. शालूबाय मात्र कुठल्याही भाषेतल्या नोंदीतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायच्या आणि सगळ्यांनाच सारखं गप्प करायच्या. मला त्या फार आवडायच्या. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल माझं त्यांच्याशी काही वाकडं होतं. नव्हतं.

आता आमचा एक नियम सांगतो. सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या भागात पाऊस जमीन बदलून टाकतो. दरड येते, वहाळ वाट खातो, चिरेखाणीच्या कडा ढासळतात. म्हणून मिरगापासून गणपतीच्या चवथीपर्यंत डबे बंद — कोणी जायचं नाही. चवथ झाली, पाऊस उतरला, की प्रत्येक डब्याकडे एकानं पहिल्यांदा जायचं, वाट बघायची, राखणदाराला विडा ठेवायचा आणि मोबाइलवरच्या आमच्या गटावर कळवायचं. याला आम्ही ‘वाट उघडणं’ म्हणायचो. पहिल्या माणसानं वाट उघडली असं लिहीपर्यंत दुसरा कोणी पाऊल टाकत नसे. आणि एकदा लिहिलं की त्या शब्दावर सगळे डोळे मिटून चालत.

डोळे मिटून. हो.

वाट उघडण्याचा मान मोठा होता. तुम्ही म्हणाल, कसला मान? सात-आठ माणसांतला! पण माणसाला मिरवायला सात-आठ माणसं पुष्कळ होतात. मी त्यात सर्वांत पुढे असायचो. त्या वर्षी मात्र पेडण्याचा विठू — खाजगी बस चालवायचा — माझ्या बरोबरीला आला होता. चार त्यानं उघडल्या होत्या, चार मी. बाकीच्या इतरांनी. राहिला होता फक्त रत्नाकरबाबांचा हळर्णचा डबा, किल्ल्याच्या पलीकडच्या डोंगरावर, एका झरीजवळ. शनिवारी मी गटावर लिहून टाकलं, ‘उद्या हळर्ण मी उघडतो.’

रविवारी मी गेलो नाही.

ताप नव्हता. घरात कोणी आजारी नव्हतं. गाडीही चालू होती. सकाळी सर आली म्हणून थांबलो, मग पावाचे उंडे आणि भाजी खाल्ली, मग पेपर वाचला, मग जेवलो आणि झोपलो. मला जावंसं वाटलं नाही, एवढंच. इतकी वर्षं मी कारण शोधतो आहे. त्या दिवसाला कारणच नाही.

संध्याकाळी विठूचा निरोप आला, ‘उगडली काय? ना जाल्यार फाल्यां हांव वतां.’ नाहीतर उद्या मी जातो. पाचवी त्याची होणार! मी मोबाइल हातात घेतला आणि लिहिलं, ‘उघडली. विडा ठेवला. वाट बरी आहे, चपला घालूनसुद्धा जाता येतं.’

चपलांचं का लिहिलं? नुसतं ‘बरी आहे’ लिहिलं असतं तर चाललं नसतं का? पण फट मारायची — खोट्याला आमच्याकडे फट म्हणतात — तर ती खरी वाटायला हवी, हे मला न शिकवता कळलं. ती चप्पल मी माझ्या हुशारीनं घातली.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. शालूबाय हळर्णला गेल्या. एकट्याच. चपला घालून.

रत्नाकरबाबांनी दिलेली वाट एका जुन्या चिरेखाणीच्या कडेनं जायची. खाणीतला चिरा, म्हणजे बांधकामाचा तांबडा दगड, काढून झाला होता आणि उभा खड्डा तसाच राहिला होता. पावसात ती कड आतून पोखरली होती. वरून गवत हिरवंगार, खाली काही नाही. शालूबाय पाऊल टाकून खाली गेल्या. मांडीचं हाड मोडलं, खुबा मोडला. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. सकाळी दहाच्या सुमाराला पडल्या, आणि दुपार कलल्यावर जळणाच्या फाटी गोळा करणाऱ्या एका म्हातारीनं त्यांचं कण्हणं ऐकलं. इतका वेळ त्या तिथं चिखलात पडून होत्या. नंतर त्या म्हणाल्या होत्या की मुलांना शिकवलेल्या कविता त्या एकेक करून म्हणत होत्या, झोप लागू नये म्हणून.

मला विठूचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होतो. ऐकलं, बाटली कागदात गुंडाळली, सुटे परत दिले. पहिला विचार काय आला सांगू? शालूबाय कशा आहेत हा नाही. पहिला विचार आला — वहीत माझं नाव नाही.

इथवर मी फक्त आळशी आणि फुशारक्या मारणारा होतो. तेव्हाच गटावर लिहिलं असतं, ‘मी गेलोच नव्हतो’ — तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या, गटातून काढला असता, आणि मी आज तुमच्याशी बोलत बसलो नसतो. शुक्रवारी सकाळी बायकोला म्हापशाला माल आणायला जातो म्हणून सांगितलं, दुकान बंद ठेवलं आणि हळर्णला गेलो.

डोंगराच्या पायथ्याशी तीच म्हातारी भेटली. मी खालच्या वाटेला वळलो तशी ओरडली, ‘थंयच्यान नाका रे पुता! ती मिरगाकच गेल्या. काल ती बाय पडली न्हय? वयल्यान वच.’ म्हणजे मिरगातच, पहिल्या जोराच्या पावसातच ती वाट गेली होती. मी खरोखर वाट बघायला गेलो असतो तर काठीनं कड चाचपताना मला ते कळलं असतं. म्हातारीनं हातातल्या काठीनं मला वरची वाट दाखवली. मी वरून गेलो, झरीजवळ दगडाखाली डबा सापडला. वही काढली आणि माझं नाव लिहून पुढे रविवारची तारीख घातली.

येताना खाणीकडे बघितलं. खाली चिखलात एक चप्पल तशीच पडली होती. मी ती आणायला उतरलो नाही.

त्या संध्याकाळी विठूनं गटावर विचारलं, वाट बरी म्हणून मोहनबाबांनी लिहिलं, मग हे झालं कसं? मी लिहिलं, ‘मी वरच्या वाटेनं गेलो होतो. तीच वाट बरी आहे. रत्नाकरबाबांनी खालची वाट दिली आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.’ किती सभ्य वाक्यं आहेत बघा. कोणावर आरोप नाही. फक्त बोट दुसरीकडे वळलं. मग विठू भडकला — तो मनानं सरळ माणूस — आणि त्यानं लिहिलं की जुनी वाट तशीच ठेवून लोकांना मरायला पाठवायचं का? सर्व्हेच्या माणसाला खाणीची कड कळत नाही? बाकीच्यांनीही दोन-दोन ओळी लिहिल्या. सकाळी रत्नाकरबाबांची एकच ओळ आली, ‘चूक म्हजी.’ चूक माझी.

मी ती ओळ वाचली आणि — खरं सांगायचं तर — मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. आधी सुटका.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपले अकराही डबे काढून घ्यायचं ठरवलं. हळर्णला जाताना मला म्हणाले, चल सोबत, वरची वाट तुला ठाऊक आहे. नाही कसं म्हणणार? आम्ही वरून गेलो. त्यांनी डबा काढला, वही उघडली, माझं नाव वाचलं, मिटली. मग झरीच्या वरच्या बाजूला राखणदाराचा दगड होता, तिथं बराच वेळ उभे राहिले. मला विचारलं, ‘विडो खंय दवरिल्लो?’

विडा कुठे ठेवला होतास. मी रविवारी ठेवला नव्हता, शुक्रवारीही नव्हता. शुक्रवारी तर खिशात होता, दुकानाशेजारच्या टपरीवरून मुद्दाम घेतलेला. त्या दगडापुढे हात पुढे झाला नाही.

‘गोरवांनी खाल्लो आसतलो,’ मी म्हटलं. गुरांनी खाल्ला असेल.

पान गुरं खातील. सुपारी? रत्नाकरबाबांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं जमीन मोजलेला माणूस. मग म्हणाले, ‘आसतलो.’ आणि उतरायला लागले. त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. कधी वाटतं कळलं होतं आणि मी स्वतः बोलेन म्हणून ते थांबले. कधी वाटतं, दुसरा माणूस असं करेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. दोन्हींत माझं तोंड काळंच आहे.

दोन महिन्यांनी ते मला घेऊन कोरगावला गेले. शालूबाय घरापुढच्या ओट्यावर, बाल्कांवात, आरामखुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर लांब केलेला. शाळा चढावर होती, आता जाणं जमणार नव्हतं. दोन वर्षांची नोकरी उरली असताना त्यांनी ती सोडली होती. सत्तरीचे रत्नाकरबाब त्यांच्यापुढे उभे राहिले आणि हात जोडले. शालूबाय वाकता येत नसूनही पुढे वाकल्या आणि त्यांचे हात धरले. ‘हात जोडूं नाकात, रत्नाकरबाब. तुमी मुद्दाम केल्लें न्हय. म्हज्या मनांत कांय ना.’

ती माफी माझी होती. माझ्या डोळ्यांसमोर ती दुसऱ्याला दिली गेली आणि त्यानं ती मान खाली घालून घेतली. आणि मी काय केलं? मी रत्नाकरबाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘मनाला लावून घेऊ नका हो.’ शालूबाय माझ्याकडे बघून म्हणाल्या, मोहनबाब, तुम्ही आहात म्हणून त्यांना आधार आहे.

तो चहा मी पूर्ण प्यायलो.

त्यानंतर रत्नाकरबाब रानात गेले नाहीत. सकाळी बसनं साखळीच्या बाजारापर्यंत यायचे, दुकानात बाकावर बसायचे, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायचे. मी त्यांच्याशी फार चांगला वागलो. इतका चांगला की लोक कौतुक करायचे. गटातली नवी माणसं विचारायची, हळर्णचं काय झालं होतं, तेव्हा कोणीतरी सांगायचं की एका म्हाताऱ्यानं वाट चुकीची लिहिली होती. मी जवळच असायचो. शालूबाय काठी घेऊन अंगणात चालतात, त्यापलीकडे नाही. दरवर्षी चवथीला मी त्यांच्याकडे जातो. त्या अजून माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढतात.

तुम्ही म्हणाल, हेच ते कबूल करायचं होतं. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण हे सगळं भीतीनं केलं असं निदान म्हणता तरी येतं. पुढचं तसं नाही.

रत्नाकरबाब गेल्या वर्षी वारले. बारावं झालं, त्यानंतर काही दिवसांनी त्यांची मुलगी सुषमा दुकानात आली. लग्न होऊन फोंड्याला असते. आईच्या गोळ्या न्यायला आली होती. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. गोळ्या मागितल्या आणि तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, पप्पा शेवटच्या दिवसांत सारखं तेच विचारायचे. ती वाट, ती वाट. ‘काका, तुमी थंय गेल्ले. तुमी तरी सांगात. पप्पान खरेंच वाट चुकीची बरयिल्ली?’ पप्पांनी खरंच चुकीची लिहिली होती का.

रत्नाकरबाब नव्हते. विठू कधीच दुबईला गेला होता. गट उरला नव्हता. सुषमा माझं काय वाकडं करणार होती? तिला शिक्षा नको होती, कोणाचं नाव नको होतं. तिला फक्त ‘ना’ एवढा एक शब्द हवा होता. नियम तर हाच होता ना, की पावसानंतर पहिल्यानं जी वाट लिहिली तीच खरी, आणि तिची जबाबदारी लिहिणाऱ्याची? ‘ना गे, तुझ्या पप्पांनी बरोबरच लिहिली होती’ — एवढं मला माझं काही न सांगताही म्हणता आलं असतं. कोणी विचारलं नसतं, मग चुकलं कोण.

मी म्हटलं, ‘हय.’ होय.

का? मला माहीत नाही. तोंडाला तेच वळण पडलं होतं. इतकी वर्षं जे सांगत आलो तेच बाहेर आलं, सहज, किंमत सांगावी तसं.

सुषमानं मान हलवली. काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिली. ती त्यांना दर वेळी सांगायची, पप्पा, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही चुकणारच नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा कानाशी वाकून तेच सांगितलं होतं तिनं.

‘म्हणजे हांवूच पप्पाक फट सांगतालें,’ ती म्हणाली.

मी गोळ्या पिशवीत घातल्या आणि तिच्या हातात दिल्या.